गुलाबी सांधा

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास पिळ्याने दात तपासायचा छोटा आरसा गिटारच्या गोल भोकातून आत सरकवला, बॅटरी तिरकी धरली, आणि वरच्या फळीच्या आतल्या अंगाला त्याला गुलाबी रंग दिसला.

गिटारच्या आत गुलाबी काही नसतं. लाकूड असतं, सरसाचे पिवळट ओघळ असतात, धूळ असते. हा गुलाबी रंग मात्र पिळ्याच्या चांगल्या ओळखीचा होता. तो कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर रुग्णांच्या जबड्याचे ठसे पाठवतात, त्यांवरून तो आणि त्याचे कारागीर कवळ्या बनवतात. कवळीच्या हिरड्या ज्या गुलाबी प्लास्टिकच्या असतात ते पावडर आणि द्रव कालवून तयार होतं, आणि त्याचे कण पिळ्याच्या नखांत, सदऱ्याच्या बाहीवर, चहाच्या कपाच्या कानावर, कुठेही सापडतात. म्हणून आधी त्याला वाटलं, आपल्याच हातून काहीतरी आत पडलं. त्याने आरशाच्या दांडीने टोचून पाहिलं. ते हललं नाही. पडलेलं असतं तर हललं असतं. ते कुणीतरी लावलेलं होतं.

पिळ्या हे त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव आता बँकेशिवाय कुणी वापरत नाही. डॉक्टर मंडळी त्याला पिळ्याशेठ म्हणतात, कारागीर पिळ्याभाऊ म्हणतात, बायको चिडली की नुसतं 'अहो शेठ' म्हणते. हे नाव त्याला दहाव्या वर्षी मिळालं, याच गिटारमुळे.

गिटार त्याच्या आईची. ती वाजवायची आणि शिकवायची. संध्याकाळी पुढच्या खोलीत मुलं बसायची आणि मागच्या खोलीत, जिथे तेव्हाही लॅब होती, वडील कवळ्या घासत बसायचे. मशीनचा आवाज मोठा झाला की आई भिंतीवर टिचकी मारायची आणि वडील मशीन बंद करायचे. घरात गिटारला हात लावायची परवानगी कुणाला नव्हती. त्या दिवशी आई चार दिवस मावशीकडे राहून परत आली होती. गिटार हातात घेतली तर तारा सैल. तिने पिळ्याला जवळ बसवलं आणि पहिल्यांदाच खुंट्या त्याच्या हातात दिल्या. म्हणाली, "हळूहळू फिरव. हाताने नाही, कानाने."

तिसऱ्या तारेला वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. तारांची खालची टोकं अडकवतात ती लाकडी पट्टी, जिला वाजवणारे ब्रिज म्हणतात, फळीचा तळहाताएवढा कपचा घेऊन वर उचकटली. वडील मागच्या खोलीतून आले, पाहिलं आणि म्हणाले, "जास्त पिळलीस." त्यांनी उरलेल्या तारा सोडल्या, गिटार पेटीत घातली, पेटी माळ्यावर टाकली. आता तिला कुणी हात लावायचा नाही, असं सांगितलं. आई म्हणाली, "असू दे. लहान आहे."

पिळ्या टेबलाखाली जाऊन बसला. ताई त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. ती पाण्याचा पेला घेऊन खाली वाकली. "रडू नकोस. मी आहे ना. तुला कुणी काही बोललं तर माझ्याशी गाठ आहे."

आईने दुसरी गिटार घेतली नाही. महिन्याभरात मुलं यायची थांबली. आता मन लागत नाही, एवढंच ती सांगायची. तिने पिळ्याला एका शब्दाने कधी दोष दिला नाही, आणि त्यामुळे त्याला ते जास्त लागलं. वडिलांनी मात्र निकाल दिला होता. "हातात जोर फार आहे. तो कामाला लावू. उद्यापासून शाळा सुटली की लॅबमध्ये बस." तोपर्यंत कॉलेजातून आल्यावर पावडर कालवायचं काम ताई करायची. तिचं स्टूल पिळ्याला मिळालं. पुढे ताई शिकायला बाहेर गेली, आता कॉलेजात शिकवते. पिळ्या त्या स्टुलावरून उठला नाही. शिक्षा म्हणून सुरू झालेलं काम अंगवळणी पडलं, मग त्यावरच घर चालायला लागलं. त्याची या कामाबद्दल तक्रार नाही. पण वाद्याच्या दुकानासमोरून जाताना तो अजून रस्ता ओलांडतो.

नाव ताईने ठेवलं. आठवड्याभरात ते गल्लीत पसरलं. बरणीचं झाकण उघडेना, नळ घट्ट बसला, की कुणीतरी म्हणणारच, "पिळ्याला नका देऊ, बरणीच मोडेल." लग्नात अंगठी बोटात जाईना तेव्हा ताई पहिल्या रांगेतून म्हणाली, "जपून रे पिळ्या, बोट हातात येईल." अख्खा हॉल हसला. पिळ्याही हसला.

वडील जाऊन काही वर्षं झाली. आई ताईकडे असते. यंदा ताईने घर बदललं. सामान काढताना आईबरोबर तिकडे गेलेली ती पेटी निघाली. ताईने फोन केला, "आईची ती गिटार भंगारात देऊ ना? वाळवीसुद्धा तोंड लावणार नाही." मागून आईचा आवाज आला, फेकायची नाही म्हणून. पिळ्या म्हणाला, मी नेतो, मी बघतो काही करता आलं तर. ताई म्हणाली, "तू? पुन्हा?" आणि हसली. आईने मात्र फोन मागून घेतला.

"जमेल का रे तुला?"

"हिरड्यांवर कवळी बसवतो, फळीवर पट्टी नाही बसवणार?"

"बोटं आता चालत नाहीत माझी. पण तारा लावलेली एकदा बघायचीय."

तेव्हापासून लॅबच्या खिडकीजवळच्या टेबलावर गिटार होती. पिळ्याने लाकडाचं काम कधी केलेलं नव्हतं. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे, थोडं करायचं, चुकलं की चहा घ्यायचा, अशी त्याची पद्धत. पहिली मोठी चूक त्याने आपल्या धंद्याच्या सवयीने केली. कवळीवर काम करायचं तर ती हलू नये म्हणून प्लास्टरच्या साच्यात बसवतात. त्याने गिटारसाठीही तसाच बिछाना केला. अर्धं पोतं प्लास्टर कालवलं, वर प्लास्टिकचा कागद टाकला आणि गिटार पाठीवर त्यात रोवली. बायको दारात उभी राहून बघत होती.

"एवढी कवळी कुणाच्या जबड्यात बसवायचीय?"

"हलायला नको म्हणून."

"नाही हलायची. मीसुद्धा नाही हलवू शकणार."

गिटार खरंच हलली नाही. पण प्लास्टर वाळताना ओल सोडतं आणि कागद एका बाजूने फाटलेला होता. काही दिवसांनी गिटार उचलली तर पाठीची फळी कडेला फुगून सुटायला लागली होती. सुतारकाम येणाऱ्याने कपाळाला हात लावला असता. किती नुकसान झालं ते आतून पाहावं म्हणून रविवारी त्याने आरसा आत घातला.

गुलाबी रंग दिसल्यावर त्याने पाठ पूर्ण काढायची ठरवली. मेण कापायची सुरी दिव्यावर गरम करायची, कडेच्या फटीत घालायची, जुना सरस मऊ झाला की बोटभर पुढे सरकायचं. जेवायची हाक आली तेव्हा पाठ टेबलावर होती आणि गिटारचं पोट उघडं पडलं होतं.

वरच्या फळीला ताण सोसता यावा म्हणून आतून तिरक्या आधारपट्ट्या लावलेल्या असतात. त्यांतली मुख्य पट्टी मधोमध मोडलेली होती. दोन्ही तुकडे गुलाबी प्लास्टिकने सांधलेले होते, आणि त्याखालची फळीतली चीरही त्यानेच भरलेली होती. लाकडाला हे प्लास्टिक धरत नाही. खरबरीत जागी अडकून काही दिवस तग धरतं, तारांचा ताण आला की सोडतं. इथे एका बाजूने सोडलेलं होतं, आणि नेमकी तिथूनच ब्रिजची जागा उचकटलेली होती. प्लास्टिक ओलं असताना कुणीतरी ते अंगठ्याने दाबून सारखं केलं होतं. अंगठ्याचा ठसा रेषांसकट उमटलेला होता.

बायको हात पुसत आली. पिळ्याने तिला दाखवलं.

"हे तुझं काम?"

"मी आज पहिल्यांदा उघडलीय."

तिने वाकून पाहिलं, मग त्याच्याकडे. "म्हणजे ती आधीच मोडलेली होती. तू मोडलीच नाहीस."

"खुंटी मीच फिरवली."

"अरे, फिरवण्यासाठीच असते ती खुंटी."

पिळ्याने आपला अंगठा ठशावर ठेवला. ठसा खाली दिसेनासा झाला, इतका तो लहान होता. वडिलांचा पंजा त्याच्याहून मोठा. त्यांना दुकानात हातमोजे मिळत नसत, आणि लॅबमधल्या उभ्या बरण्या आतून धुवायला ते दुसऱ्याला बोलवत, कारण हात तोंडातून आत जात नसे. आई मावशीकडे जाईपर्यंत गिटार रोज वाजत होती, म्हणजे हे झालं ते ती तिकडे असतानाच. तो स्वतः दहा वर्षांचा होता, आणि हे काम त्याने केलेलं नव्हतं. जिचा हात त्या भोकातून आत गेला असता आणि जिला प्लास्टिक कालवता येत होतं, अशी घरात एकच व्यक्ती उरत होती. तिनेच टेबलाखाली पाणी आणून दिलं होतं.

त्याने ताईला फोन करून एवढंच सांगितलं, जरा ये, गिटारमध्ये काहीतरी सापडलंय. ती सोमवारी दुपारी आली. कारागीर जेवायला गेले होते. तिने पर्स खुर्चीवर ठेवली आणि टेबलाकडे पाहिलं.

"अरे वा. पोस्टमॉर्टेम झालेलं दिसतंय."

"जवळून बघ."

तिने चष्मा लावला. बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "अजून आहे की ते."

"अंगठा तुझा आहे."

"असेल."

"असेल म्हणजे?"

"असेल म्हणजे आहे. आता काय, फाशी देतोस?"

पिळ्याने स्टूल तिच्याकडे सरकवलं. ती बसली नाही.

"हात माझा होता," ती म्हणाली. "सांगत बाबा होते." आणि मग तिने सांगितलं. वडील माळ्यावरून प्लास्टरची पिशवी काढत होते. ती निसटली आणि खाली पलंगावर ठेवलेल्या गिटारवर पडली. वरून नुसती बारीक चीर दिसत होती, पण ठोकल्यावर आवाज बद्द येत होता. आई परत यायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. तारा काढल्या तरी वडिलांचा हात भोकात जाईना. म्हणून त्यांनी प्लास्टिक कालवून दिलं आणि तिने आत हात घालून लावलं. "लाकडाला हे धरत नाही, असंही म्हणाले होते. पण म्हणाले, बघू."

"बघू."

"हो. तारा परत चढवल्या, पण ताणल्या नाहीत. ताणायची भीती वाटली."

"आणि मी ताणल्या तेव्हा?"

"तेव्हा बाबांनी माझ्याकडे बघितलं."

"काय म्हणाले?"

"काही नाही. बघितलं फक्त. तुला माहितीये ते कसे बघायचे."

"आणि तू?"

"मी सोळा वर्षांची होते, पिळ्या."

"मी दहा."

बाहेर कुणीतरी ठशांचा डबा द्यायला आलं. पिळ्याने जाऊन सही केली, डबा फळीवर ठेवला आणि परत आला. ताई तिथेच उभी होती.

"सोळाचं समजलं," तो म्हणाला. "पुढे तू तीस वर्षांची झालीस. चाळिशी साजरी केलीस, मी केक आणला होता. तेव्हा?"

"तेव्हा सांगून काय होणार होतं? बाबा घरात होते. म्हातारपणी त्यांना उभं करायचं होतं का सगळ्यांसमोर?"

"बाबा गेल्यावर?"

"गेलेल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडू?"

"माझ्या डोक्यावर चाललं."

"तुला कुणी काही बोललं का कधी? मीच बोलू दिलं नाही. सगळं हसण्यावारी नेलं."

"नाव तू ठेवलंस, ताई."

चष्म्याच्या दांडीशी चाळा करत ती म्हणाली, "कुणीतरी काहीतरी ठेवलंच असतं. निदान हसण्यासारखं होतं."

"या स्टुलावर आधी तू बसायचीस."

"हो."

"दुसऱ्या दिवसापासून मी."

"ते बाबांनी ठरवलं."

"बाबांनी बरंच काही ठरवलेलं दिसतंय. आता विचारता येत नाही म्हणून सोयीचं आहे."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"मला कसं कळणार? तीस-पस्तीस वर्षं तू खरंच बोलतेस असं मला वाटत होतं."

ताईने पर्स उचलली. पिळ्याने विचारलं, "आईला माहितीये?"

"आईला यात ओढू नकोस."

"माहितीये की नाही?"

"तिचं वय बघ जरा."

"वय विचारलं नाही मी."

ती दारापर्यंत गेली, तिथून वळली. आवाज उतरला होता, पण सूर मोठ्या बहिणीचाच होता. "हे बघ, आई येईल तेव्हा तिला छान गिटार दिसू दे. ते गुलाबी खरवडून टाक. नाहीतरी नवी पट्टी चिकटवायला काढावंच लागेल ना?"

हे खरं होतं. पिळ्याने संध्याकाळी पुन्हा व्हिडिओ पाहिले. नवी आधारपट्टी बसवायची तर खालचं लाकूड स्वच्छ, कोरडं हवं. जुना सरस, रंग, प्लास्टिक, काहीही राहिलं तर सांधा धरत नाही. दुरुस्ती नीट करायची तर अंगठ्याचा तो ठसा घासून जायलाच हवा होता. ठसा राखायचा तर गिटारला तारा लागणार नव्हत्या. फोटो काढून ठेव, बायकोने सुचवलं. पिळ्याने फोटो काढले. मोबाइलच्या पडद्यावर ते च्युइंगमसारखं दिसत होतं. बायकोनेही दोनदा बघून नकारार्थी मान हलवली.

ताईने सांगितलेल्यापैकी किती खरं, हे तपासायला फारसं काही उरलेलं नाही. अंगठा तिचा, हे तिने मान्य केलं आहे. पिशवी पडली असेल तर वरच्या फळीवर खोक पडली असणार, पण ती पडायची जागा नेमकी ब्रिजबरोबर कपचा होऊन निघालेली आहे, आणि तो कपचा पेटीत सापडला नाही. लाकडाला प्लास्टिक धरत नाही हे वडिलांना पक्कं ठाऊक होतं. ज्यांनी डॉक्टरांच्या घाईपायी एकही कच्ची कवळी बाहेर जाऊ दिली नाही, ते असं काम करायला सांगतील, हे पिळ्याला पटत नाही. पण गिटार माळ्यावर टाकायची घाई वडिलांनीच केली होती, आत बघायचं त्यांनी टाळलं होतं, हेही त्याला आठवतं. कदाचित ताईच्या हातून मोडली आणि वडिलांना नंतर कळलं. कदाचित ती म्हणते तसंच. दोन्हींत दोघांनी त्याला पुढे केलं, एवढं नक्की.

मंगळवारी दिवसभर तो कुणाशी धड बोलला नाही. एका डॉक्टरांनी फोनवर "काय पिळ्याशेठ" म्हटल्यावर त्याने "बोला" म्हणायला इतका वेळ लावला, की त्यांना वाटलं फोन कट झाला. दुपारी बायको चहा घेऊन आली तेव्हा तो म्हणाला, "त्या दिवशीच का दिली तिने मला खुंटी?"

"कुणी?"

"आईने. त्याआधी कधी हात लावू दिला नव्हता. तारा सैल दिसल्या, तर तिने स्वतः लावल्या असत्या. मला का बसवलं?"

"मुलगा मोठा झाला असं वाटलं असेल."

"असेल."

"तू आता आईवर पण आळ घेऊ नकोस."

"मी काही घेत नाही. आठवून बघतोय."

संध्याकाळी आईचा फोन आला.

"झाली का रे?"

"होतेय."

"ताई सांगत होती, तू पाठ उघडलीस."

"हो. उघडावी लागली."

"बरं."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो कुणीतरी बंद केला.

"अजून काय म्हणाली ताई?" त्याने विचारलं.

"काही नाही. घरी आल्यापासून डोकं धरून बसलीय. तुमचं काही झालं का?"

"काही नाही."

"मी गुरुवारी येते तिकडे. रिक्षाने येईन, तिला नाही आणत."

"घाई कशाला, आई. तारा लागल्या की ये. तुला तशीच बघायची होती ना?"

"नको," आई म्हणाली. "तारा लावायच्या आधी बघायचीय मला. पाठही लावू नकोस तोवर."

"का?"

"आल्यावर बोलू. जेवलास का?"

जेवलो, असं त्याने सांगितलं. जेवला नव्हता.

बुधवारी सकाळी ताईचा निरोप आला, 'आईला थांबवता येत नाहीये. निदान ते काढून टाक. प्लीज.' त्याने उत्तर दिलं नाही. दिवसभरात तिने दोनदा फोन केला, तोही उचलला नाही. कवळ्यांची कामं उरकून तो टेबलाशी बसला आणि नवी आधारपट्टी तासली. ती जागेवर धरून पाहिली, दोन्ही टोकांना नीट बसत होती. घासायचा दगड त्याने मशीनला लावला, मशीन चालू केलं, दगड गुलाबी तुकड्याजवळ नेला आणि मशीन बंद केलं.

लॅबला कुलूप लागलं तेव्हा तुकडा जागेवर होता. आई गुरुवारी दुपारी येणार आहे.